स्टेम शिक्षणासाठी शाळेने कुणाला जोडून घ्यावं? सोलापुरातले अनुभव सांगा

तुती

मी सोलापूरच्या पूर्व भागात एका अनुदानित मराठी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. वर्गातल्या बहुतेकांच्या घरी कुणी ना कुणी मागावर जातं, किंवा आई विड्या वळते. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी. पोरं हुशार आहेत, हाताने तर फारच हुशार आहेत.

स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित एकत्र, करून बघत शिकवायचं म्हटलं तर ते एकट्या विज्ञानशिक्षकाच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी शाळेबाहेरची माणसं लागतातच. पण आमच्याकडे बाहेरची माणसं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर देणगीदार येतो. पत्र लिहायचं, किट मिळवायचं, फीत कापायची, फोटो पाठवायचा.

माझ्या ओळखीच्या एका शाळेला एका कंपनीने रोबोटिक्सचं कपाटभर सामान दिलं. सुरुवातीला शिकवायला माणूस यायचा, करार संपला तसा तो यायचा थांबला. सामानाची नोंद जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत झालेली. मोटर जळाली, सेन्सर मोडला तर ती वस्तू वहीतून कमी (निर्लेखन) कुणी करायची, लेखापरीक्षणात उत्तर कुणी द्यायचं? मग कपाटाला कुलूप. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. सामान आलं, पण ते वापरायची मोकळीक आली नाही आणि बिघडल्यावर हाक मारायला माणूसही उरला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की सुरुवात उलट्या टोकाने करावी. माझा कुठला पाठ अडतो, आणि शाळेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर तो कुणाच्या हातात आहे, हे आधी बघावं. पैशाचं नंतर.

आमचा अडलेला पाठ संगणकाचा होता. शून्य आणि एकवर संगणक कसा चालतो हे मुलं पाठ करायची, पटायचं नाही. शाळेजवळच्या एका चादरीच्या कारखान्यात जुने जेकार्ड माग, म्हणजे कार्डांवरून नक्षी विणणारे माग आहेत. मालकांशी बोलले, पालकांची संमतीपत्रं घेतली, वर्ग नेला. जेकार्डवर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. कार्डात जिथे छिद्र आहे तिथे सुई आत शिरते, तिचा हुक सुरीवर, म्हणजे वर-खाली होणाऱ्या पट्टीवर टिकतो, आणि सुरी वर गेली की त्या हुकाला बांधलेले ताण्याचे उभे धागे उचलले जातात. छिद्र नसेल तर सुई मागे ढकलली जाते, हुक सुरीवरून सुटतो, धागा खालीच राहतो. मधून बाणा, म्हणजे आडवा धागा जातो, कार्ड पुढे सरकतं. चादरीवरचा मोर म्हणजे अशा हजारो 'उचल' आणि 'नको उचलू'ची रांग.

फ्रान्समध्ये जोसेफ मारी जाकारने हे यंत्र १८०४च्या सुमारास आणलं. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी कार्डांची कल्पना तिथूनच घेतली, आणि अमेरिकेच्या १८९०च्या जनगणनेत हॉलेरिथची यंत्रं छिद्रांच्या कार्डांवरच चालली. वर्गात परतल्यावर मुलांनी आलेख कागदावर आठ बाय आठच्या चौकटीत नक्षी काढली, प्रत्येक ओळ शून्य-एकमध्ये लिहिली, आणि शेजारच्याने नक्षी न बघता फक्त आकडे वाचून ती पुन्हा उभी केली. कुणाचं फूल तिरकं आलं, तर चूक कुठल्या ओळीत आहे ते शोधून काढलं. एका मुलीचे आजोबा आयुष्यभर कार्डांना छिद्रं पाडायचं काम करत होते, ते वर्गात येऊन बसले आणि नक्षीत उभी रेघ फार लांब ठेवली तर कापडात धागा लोंबतो हे त्यांनी सांगितलं. ते मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं.

या सगळ्याला आलेख कागदांपलीकडे काही खर्च आला नाही. मला विचारायचंय ते हे : हे एकदाचं राहू नये, दर वर्षी व्हावं, माझी बदली झाली तरी चालू राहावं, यासाठी काय बांधावं लागतं? कॉलेज, कारखाना, संशोधन केंद्र, माजी विद्यार्थी, कुणाशीही जोडून घेतलं असेल तर लिहा. काय टिकलं आणि काय विरून गेलं, दोन्ही हवंय.

केगावकर

मी इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या बाजूने सांगतो.

सोलापुरात अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत, शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहे, विद्यापीठ आहे, केगावला विज्ञान केंद्र आहे. शाळांनी बोलवावं अशी इच्छा असणारे विद्यार्थीही आहेत. पण आम्हाला बोलावणं येतं ते २८ फेब्रुवारीला. राष्ट्रीय विज्ञान दिनाला सगळ्या शाळांना एकाच दिवशी पाहुणा हवा असतो, आणि उरलेलं वर्ष कुणालाच नको असतो.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम करायचं असतं. त्यातले बरेच तास झाडं लावण्यात आणि रॅलीत जातात. हे तास एका शाळेच्या एका वर्गाला बांधून द्या, असं मी आमच्याकडे मांडलं आणि ते मान्य झालं. चार-पाच विद्यार्थ्यांचा गट, तोच वर्ग, दर पंधरा दिवसांनी एकदा, जुलै ते सप्टेंबर. ऑक्टोबरनंतर आमच्या परीक्षा लागतात, तेव्हा कुणी येणार नाही हे आधीच सांगून टाकायचं. शाळांचा विश्वास उडतो तो माणूस न आल्याने, आणि त्याहून जास्त न कळवता न आल्याने.

एक अट मात्र मी सोडत नाही : वर्गशिक्षक वर्गात हवेत. पाहुणे आले की शिक्षक दाखले लिहायला ऑफिसात जातात. त्यांच्यावर कामाचा ढीग असतो हे खरं, पण शिक्षक नसेल तर ती निव्वळ करमणूक होते. पुढच्या तासाला त्या प्रयोगाचा धागा उचलायला कुणी उरत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. आमची पोरं शाळेपर्यंत मराठीत शिकलेली असतात, पण कॉलेजात दोन वर्षं काढली की 'विद्युतधारा' म्हणताना अडखळतात. म्हणून पहिली तालीम शिक्षकांपुढे घ्यायची. त्या तालमीत बाईंनी एकाला विचारलं, "हे तेलुगूत सांगता येईल का तुला?" तो पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातलाच होता. त्या गटात मुलं सगळ्यात जास्त त्याच्याशीच बोलली.

धोटा

मी कारखानदार आहे, माझे स्वतःचे माग आहेत. मॅडम, पोरं आली तर आनंदच आहे की. आमच्या धंद्याकडं नवीन पोरगं बघायला तयार नाही, त्यांना यात डोकं लागतं हे तरी कळंल.

पण आमची भीती पण ऐका. चालू मागाजवळ ओढणी, वेणी, सैल बाही म्हणजे जीवाशी खेळ. बाणा नेणारा धोटा उडाला तर लागतो. काही झालं तर पोलीस आमच्याच दारात. दुसरं म्हणजे, मागं एकदा कॉलेजची पोरं आवाज मोजायला आली, आकडे लिहून घेतले आणि गेली. ते आकडे कुठं गेले, कुणाला दाखवले, आजपर्यंत कळलं नाही. त्यानंतर मी दोन वर्षं कुणाला आत घेतलं नाही.

तुती

धोटा दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. दोन्ही भीती खऱ्या आहेत.

सुरक्षेचं आम्ही असं केलं : वर्गाचे तीन गट, एका वेळी एकच गट आत, मुलींच्या वेण्या वर बांधलेल्या, ओढण्या शाळेत ठेवलेल्या. बघायचा माग आधी बंद करून, हाताने फिरवून दाखवायचा. चालू माग लांबून, आखलेल्या रेषेच्या बाहेरून. सोबत दोन शिक्षक आणि एक पालक.

आवाजाचं मात्र सविस्तर बोलायला हवं. नववीला ध्वनीचा पाठ आहे आणि मागाच्या खडखडाटाहून चांगला प्रयोग या शहरात नाही. फोनवर फायफॉक्स नावाचं मोफत ॲप चालतं, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलेलं. त्याचा आकडा आधी एखाद्या खऱ्या मापकाशी जुळवून घ्यावा लागतो, आणि ते जुळवणं हाच मोठा धडा आहे. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबल तीनने वाढले की ध्वनीची तीव्रता जवळपास दुप्पट होते, हे मुलांना कळलं की ९० आणि ९३ यांतला फरक किरकोळ वाटत नाही. घरातले मोठे इतक्या जोरात का बोलतात, हा प्रश्न आमच्या वर्गात मुलांनीच विचारला.

पण आकडे आधी मालकाला दाखवायचे. जागेचं नाव कुठेही लिहायचं नाही. आणि मुलांनी फक्त मोजून न थांबता, खिडकीला जाड पडदा लावला, मागाच्या पायाखाली रबर घातलं तर किती फरक पडतो तेही मोजून मालकाला लेखी द्यायचं. मग त्यात तुमचाही फायदा आहे आणि कामगारांचाही. कामगारांच्या कानांचा प्रश्न झाकून ठेवावा असं मी म्हणणार नाही, ती त्या मुलांचीच माणसं आहेत. तुम्ही सोबत असाल तर त्यावर काही तरी करता येईल.

काळी_माती

सांगोला तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्याकडे माग नाहीत, डाळिंब आहे. सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरलाच, केगावला आहे. तरी आमच्या मुलांना तेल्या म्हणजे जिवाणूंमुळे होणारा रोग आहे हे माहीत नव्हतं. बुरशी समजायची, आणि बुरशीचंच औषध मारायचं असं घरात ऐकलेलं.

कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना मी भाषणाला न बोलावता एक प्रश्न विचारायला गेलो : सातवीची मुलं दर आठवड्याला बागेत जाऊन काय मोजू शकतील, की ज्याचा तुम्हालाही उपयोग होईल? त्यांनी सांगितलं, ठरावीक झाडांची ठरावीक पानं बघा, डाग किती, पाऊस कधी, छाटणी कधी. आता मुलं साध्या पर्जन्यमापकाने पाऊस मोजतात, पानांवरचे डाग मोजतात आणि आलेख काढतात. दमट हवा आणि वळीव पाऊस आला की डागांचा आलेख चढतो, हे त्यांना स्वतःच्या वहीत दिसलं. गणिताचे सर म्हणाले, सरासरी कशाला काढायची हा प्रश्न यंदा कुणी विचारला नाही.

माझा अनुभव असा की तज्ज्ञ माणसाला 'मार्गदर्शन करा' म्हटलं तर तो एकदा येतो. तुमच्या कामाला आमची मुलं उपयोगी पडतील का, असं विचारलं तर तो परत येतो.

ज्यांना हे पूर्ण वर्षाच्या पातळीवर करायचंय त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम जरूर बघावा. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ला सुरू केला. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात : वेल्डिंग, वीज, शेती, अन्नप्रक्रिया. शिकवणारे गावातलेच कारागीर असतात, आणि मुलं गावाला लागणारी कामं करून देतात. गाव हाच भागीदार. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२०ला जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं कौतुक केलं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की खेड्यातल्या शाळेला दूरच्या माणसांशी जोडून घेता येतं, पण आधी वर्गात काम उभं असावं लागतं.

हिशेबनीस

सीए आहे, दोन-तीन कंपन्यांचं सीएसआरचं, म्हणजे कायद्याने समाजासाठी करायच्या खर्चाचं काम बघतो. देणगीदारांबद्दल वर जे लिहिलंय त्यातलं बरंचसं खरं आहे, पण कायदा नीट समजून घेतला तर कंपनीकडून जास्त चांगलं काही घेता येतं.

कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक जरी गाठलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करावी लागते, आणि आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही त्यात आहे. शाळा मात्र फेब्रुवारीत येतात. तेव्हा कंपनीला ३१ मार्चच्या आत पैसे संपवायचे असतात आणि सगळ्यात लवकर संपतं ते सामान घेऊन. कपाटं अशी भरतात. जून-जुलैत या, आणि 'चालू प्रकल्प' म्हणून मागा. तसा प्रकल्प सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षांपर्यंत चालवता येतो. त्यात दुरुस्ती, मोडतोड, बॅटऱ्या, शिक्षकांचं प्रशिक्षण, मुलांचा बसखर्च हे सगळं घाला.

एक बारकावा फार कमी शाळांना माहीत असतो. कंपनीचे इंजिनिअर शाळेत येऊन शिकवतात त्या तासांची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. त्यामुळे व्यवस्थापनाला पैसे देणं सोपं वाटतं आणि माणूस देणं अवघड. पण तुम्हाला तर माणूसच हवाय. म्हणून पैशाचं आणि माणसाच्या वेळेचं बोलणं वेगवेगळं करा. वेळेसाठी कारखान्याच्या प्रमुखाला भेटा, सीएसआर विभागाला नको. इथे कॅमशाफ्ट बनवणारा मोठा कारखाना आहे, फाउंड्री आहेत, रसायनांचे कारखाने आहेत, फताटेवाडी-आहेरवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं केंद्र आहे. महिन्यातून एक दुपार एक इंजिनिअर, हे मागणं कुणालाही जड नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांना केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवरही स्वयंसेवक मागता येतात, ते २०२१पासून चालू आहे.

मोरपंख

पालक म्हणून बोलते. माझी मुलगी आठवीत आहे. हे उपक्रम रविवारी किंवा शाळा सुटल्यावर ठेवू नका. त्या वेळी मुली घरी कामाला असतात, धाकट्यांना सांभाळतात, काही आईबरोबर विड्या वळतात. रविवारी ठेवलंत तर मुलगे येतील आणि मुली आल्या नाहीत म्हणून 'मुलींना आवड नसते' असं लिहिलं जाईल. तासिकेत बसवा, म्हणजे कुणाची परवानगी मागायला नको.

आणि दहावीच्या मार्कांचं काय, हा प्रश्न आम्ही विचारणारच. त्याला उत्तर तयार ठेवा.

तुती

मोरपंख ताई, अगदी बरोबर. आम्ही कार्यानुभवाच्या आणि विज्ञानाच्या जोडतासिका घेतो. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत, स्थानिक कारागिरांबरोबर काम करायला. मुख्याध्यापकांना पटवायला त्याचा उपयोग झाला. मार्कांचं म्हणाल तर पाठ तोच असतो, फक्त तो शिकवायची जागा बदलते. जे पुस्तकात नाही ते घेऊन आलेल्या पाहुण्याला मी आधी विचारते की हे माझ्या कुठल्या पाठाला जोडायचं. जोडता आलं नाही तर तो तास घेत नाही.

जुना_विद्यार्थी

पुण्यात आयटीत आहे, शाळा सोलापूरची. थोडा वेगळा सूर लावतो. आलेख कागद ठीक, पण मुलांना थ्रीडी प्रिंटर, आर्डुइनोसारखे प्रोग्रॅम करता येणारे छोटे बोर्ड का मिळू नयेत? श्रीमंत शाळांतल्या मुलांना ते मिळतं. केंद्र सरकारकडून अटल टिंकरिंग लॅब या शाळेतल्या प्रयोगघरासाठी २० लाख मिळतात, १० लाख उभारणीला आणि १० लाख पुढच्या वर्षांच्या खर्चाला. २०२५च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा ५० हजार लॅब्ज करायची घोषणा झाली. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला २०११ला पी-टेक नावाची शाळा निघाली, त्यात शाळा, शहराचं विद्यापीठ आणि आयबीएम यांनी मिळून नववीपासून पुढच्या सहा वर्षांचा आराखडा केला. आपण एवढं लहान का मागतोय?

आणि दूर असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी काय करावं? महिन्यातून एक ऑनलाइन तास मी नक्की घेऊ शकतो.

केगावकर

मोठं मागायला माझी ना नाही. आर्डुइनो आमची मुलं घेऊन जातातच. पण पी-टेकमध्ये काय घडलं बघा : आधी शाळा, विद्यापीठ आणि कंपनी यांनी एकत्र बसून अभ्यासक्रम आखला, कंपनीने विद्यार्थ्यांमागे मार्गदर्शक उभे केले. यंत्रं त्यानंतरची. थ्रीडी प्रिंटरचा नोझल तुंबला तर तो मोकळा करणारा माणूस एका फोनवर यायला हवा, एवढीच माझी अट.

दूरच्या माणसाने काय करावं यावर एक सुचवतो, कारण यात अंतर हाच प्रयोग आहे. नकाशा काढा. सोलापूर आणि जालना जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, दोन्ही ७५.९ अंश पूर्वच्या आसपास. अक्षांशात फरक साधारण २.२ अंशांचा, सरळ अंतर सुमारे २४० किलोमीटर. म्हणजे दोन्हीकडे सूर्य एकाच क्षणी त्या दिवसातल्या सगळ्यात उंच जागी येतो. दोन शाळांनी एकाच दिवशी मध्यान्हाला एक मीटर काठीची सावली मोजली, कोन काढले, कोनांतला फरक घेतला, की ३६० भागिले तो फरक गुणिले अंतर, हा पृथ्वीचा परीघ. इरॅटोस्थेनिसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हेच केलं.

मुलांना दोन धक्के बसतात. पहिला, मध्यान्ह बारा वाजता होत नाही. आपल्याकडे तो साडेबाराच्या आसपास होतो, कारण घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरच्या वेळेचं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला. दुसरा धक्का मोजमापातल्या चुकीचा : काठी थोडी कललेली असेल, सावली अर्ध्या सेंटिमीटरने चुकली, तर परीघ काही हजार किलोमीटरने बदलतो. मग मुलं ओळंबा लावायला स्वतःहून शिकतात. जानेवारीत, गड्ड्याची यात्रा आटोपली की आकाश स्वच्छ असतं आणि सावल्या लांब, तेव्हा दोन्हीकडच्या सावलीत सहा-सात सेंटिमीटरचा फरक येतो, मोजायला सोपं. सोलापुरात शून्य सावली, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होणं, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला येते, पण मेमध्ये सुट्टी आणि ऑगस्टमध्ये ढग.

जालन्यात शाळा शोधणं, दोघींची वेळ जुळवणं, आकड्यांची देवाणघेवाण करून चुकांवर मुलांशी बोलणं, हे काम तुमचं. हे पुण्यात बसून उत्तम होतं.

जुना_विद्यार्थी

घेतलं. माझी एक सहकारी जालन्याची आहे, तिच्या शाळेत विचारतो.

प्रयोगवही

शाळेत प्रयोगशाळा परिचर म्हणून नोकरी केली, आता निवृत्त. कपाटाच्या कुलपावर बोलतो.

कुलूप हे भीतीमुळे लागतं आणि भीती नोंदवहीमुळे. म्हणून सामान येतानाच दोन याद्या करायच्या. टिकाऊ वस्तू जडसंग्रहात. तारा, बॅटऱ्या, एलईडी, छोट्या मोटरी, सेन्सर हे सगळं खपाऊ म्हणून वेगळ्या वहीत, म्हणजे ते संपणं आणि मोडणं गृहीतच आहे. देणाऱ्याच्या पत्रातच ही विभागणी लिहून घ्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात ती आणा. आणखी एक वाट आहे, उसनं घ्यायची. वस्तू देणाऱ्याच्याच नावावर राहते, शाळा फक्त वापरते.

दुरुस्तीसाठी आयटीआयला पत्र द्या. तिथल्या मुलांना सरावाला खरं काम हवं असतं, आणि शाळांकडे बंद पडलेल्या वस्तूंचा तोटा नसतो. सत्राला एक दिवस दुरुस्तीचा ठेवायचा आणि आपल्या नववीच्या मुलांना शेजारी बसवायचं. मल्टिमीटर धरायला ती त्या दिवशी शिकतात.

धोटा

उसनं चालत असेल तर आमच्या गोडाऊनला एक बंद जेकार्ड पडून आहे. हातानं फिरवता येतं, मोटर काढलेली आहे, त्यामुळं धोका नाही. माझ्याच नावावर राहू दे, शाळेत ठेवा. कार्डं पाडायचा पंच पण देतो. आणि आवाजाचे आकडे मला आधी दाखवणार असाल तर पोरांना मोजू द्या. पडद्याचं खरंच बघू.

बार्शीची_बाई

सगळा धागा वाचला. आमच्याकडे डाळमिल आहेत. चाळण्यांचे आकार, घर्षण, पाखडताना हवेचा झोत हे सगळं आठवीला जोडता येईल असं वाटतंय. मालकांशी बोलायला जाताना सोबत न्यायला एखादं पत्र आहे का? आमचे मुख्याध्यापक लेखी असल्याशिवाय हलत नाहीत.

तुती

धोटा दादा, मनापासून आभार. सोमवारी मुख्याध्यापकांना घेऊन येते, जागा दाखवते.

बार्शीच्या बाई, आमचं पत्र हे असं आहे. नावं तुमची घाला.

"आमच्या इयत्ता आठवीच्या वर्गासाठी जुलै ते सप्टेंबर या काळात, महिन्यातून दोन वेळा, जोडतासिकेच्या वेळेत आपले सहकार्य हवे आहे. विषय सोबतच्या पाठांना धरून असतील. शाळेकडून विज्ञानशिक्षक आणि आपल्याकडून एक नेमलेली व्यक्ती हे संपर्क पाहतील. त्यांपैकी कुणी बदलल्यास नव्या व्यक्तीची ओळख जुन्या व्यक्तीनेच करून द्यावी. येणे जमणार नसल्यास आदल्या दिवशी कळवावे. विद्यार्थ्यांनी घेतलेली मोजमापे प्रथम आपल्याला दाखवली जातील व आपल्या जागेचे नाव कुठेही छापले जाणार नाही. खपाऊ साहित्याची यादी वेगळी जोडली आहे. सुरक्षेची जबाबदारी कुणाची, हे सोबतच्या कागदावर दोघांनी मिळून लिहावे. सप्टेंबरअखेर दोन्ही बाजूंनी बसून पुढच्या वर्षाचे ठरवावे."

खाली मुख्याध्यापक, विज्ञानशिक्षक आणि समोरची व्यक्ती, तिघांच्या सह्या. प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या फाइलला लावा. बदलीचं ते वाक्य काढू नका.

बार्शीची_बाई

उतरवून घेतलं. डाळमिलची यादी करून याच धाग्यावर टाकते. पाठ कुठले जोडायचे ते बघून सांगा.